गटारीची नेग्रोनी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, तुम्ही आत्ताच हसताय. बरं, हसा, माझी लायकीच ती आहे.

मी राहतो बदलापूरला आणि नोकरी अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. लॅबमध्ये दिवसभर एकात एक ओतायचं, ढवळायचं, छटा जुळतेय का बघायचं. असा माणूस घरी आल्यावर काय करेल? टीव्ही बघेल. मी कॉकटेल करतो!

हा नाद लागला हरेशमुळे. हरेश म्हणजे माझा कॉलेजातला जिगरी दोस्त, उल्हासनगरचा सिंधी. त्याच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानामागे बसून आम्ही एक कटिंग दोघांत प्यायचो आणि गप्पा मारायचो मार्टिनीच्या. दोघांनी मिळून बार काढायचा, पितळेचा कठडा लावायचा, सगळं ठरलं होतं. मग तो दुबईला गेला आणि तिथलाच झाला.

मी इकडे व्हिडिओ बघून एकेक कॉकटेल शिकत राहिलो. पण खरं सांगू? ग्लास नेहमी दोन भरायचो. दुसरा समोर ठेवायचो आणि बघत बसायचो. फार आठवण यायची हो त्याची. बायको म्हणायची, "अहो, फोन करा ना." फोनवर काय, "कसा आहेस?" "बरा आहे." संपलं! कॉकटेल एकट्याने प्यायचा प्रकारच नाही, आणि मला तर ते हरेशलाच पाजायचं होतं.

आणि एक दिवस त्याचाच फोन. "दिन्या, आलोय इंडियात. संडेला येऊ काय तुझ्याकडे?"

रविवार कुठला? गटारीचा! श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी मटण शिजत नाही असं एक घर दाखवा. म्हटलं, मुहूर्त चालून आलाय.

बेत ठरला नेग्रोनीचा. इटलीचं कॉकटेल, लालबुंद. जिन, मसाले घातलेली गोड वाइन आणि तिकडची एक लाल, कडू दारू, तिन्ही सारख्या मापाने. ती कडू दारू इथल्या दुकानात मागितली तर मालक म्हणाला, "साहेब, कडू कशाला, गोड घ्या." मग मीच केली. काडेचिराईत, मोसंबीची सालं आणि रंगाला बीट. मग ती, जिन आणि वाइन, सगळं एका बाटलीत भरून फ्रीजमध्ये मुरत ठेवलं. चव नाही घेतली. म्हटलं, पहिला घोट हरेशबरोबर.

दुपारी हरेश आला. दाढी वाढलेली, पायात प्लास्टिकची चप्पल, पँटला पट्टा नाही, सारखी वर ओढतोय. मला वाटलं, दुबईची फॅशन.

"मटण घे ना!"

"नको यार, दाल-चावल बस."

मी खूश. बघा, चवीचा माणूस, जीभ स्वच्छ ठेवतोय! मी बाल्कनीत मोसंबीच्या सालीचे नाजूक तुकडे कापायला बसलो. हरेश "भाभी, जरा पाणी" म्हणत स्वयंपाकघरात गेला, तो बराच वेळ आलाच नाही. मग वैशाली, म्हणजे माझी बायको, ट्रेमध्ये बाटली घेऊन आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिने स्वतःहून बाटली आणून दिली! म्हटलं, चला, हिलाही कला कळायला लागली.

मी ग्लास भरले. हरेशने घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा, दिन्या! एक नंबर!"

मग मी जो सुटलो! "मध्ये एक मातकट सुगंध येतोय ना? त्या जिनमधल्या वनस्पती! आणि किंचित खारट लागतंय? मोठमोठे बारटेंडर दोन थेंब मिठाचं पाणी टाकतात!" मी कधी टाकलं ते मला आठवेना, पण म्हटलं, हात बसलाय आता, आपोआप होतं.

"और डाल," हरेश म्हणाला.

दोघांनी बाटली संपवली. मला मस्त चढली. कान गरम, पाय हलके. त्याला सोडायला लिफ्टपर्यंत गेलो आणि एकदम त्याच्या गळ्यातच पडलो.

"मला चढलीय म्हणून बोलतोय, हरेश. तू गेल्यापासून इथे मजा नाही रे. उल्हासनगर स्टेशनला उतरावंसंच वाटत नाही. परत ये ना यार!" आणि ढसाढसा रडलो. समोरच्या काकू दार उघडून बघायला लागल्या. हरेश नुसता पाठीवर हात फिरवत राहिला.

घरात आलो. "बघितलंस? सगळी संपवली त्याने!"

"संपवणारच," वैशाली म्हणाली. "कोकम सरबत होतं. जिरं घालून."

"काय?"

"अहो, त्यांचा चालिहो चालू आहे. झुलेलालचं चाळीस दिवसांचं व्रत. दारू नाही, मटण नाही, चामडं नाही. आईसाठी धरलाय म्हणाले, त्यासाठीच आलेत. मला म्हणाले, भाभी, दिन्याला सांगू नका, किती हौसेने केलंय त्याने, बिचाऱ्याचं मन मोडेल."

कॉलेजात असताना याच दिवसांत मी त्यांच्याकडे प्रसाद खाल्लाय हो! आणि मीच त्याला गटारीची दारू पाजायला निघालो!

"आणि माझा ग्लास?"

"दोघांचे ग्लास एकाच बाटलीतून भरलेत ना."

मी फ्रीज उघडला. मागच्या बाजूला माझी खरी नेग्रोनी होती. एक घोट घेतला आणि सिंककडे धावलो. आमच्या कारखान्यातलं थिनर बरं लागेल!

मग हरेशला फोन लावला. "सॉरी यार, चालिहो माझ्या लक्षातच..."

"छोड ना." तो रिक्षात होता. "एक सांग दिन्या. तुला चढली नव्हती. म्हणजे लिफ्टजवळ जे बोललास, ते सगळं खरं होतं ना?"

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, तो माणूस विचारतोय. नुसतं "हो" म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो असेन?

"नाही रे, वैशालीचं कोकम फार स्ट्राँग असतं."