फऱ्यातली गाठ

कत्तलखान्यात त्याला सगळे मामा म्हणत. बावीस वर्षं तो एकाच जागी उभा होता. आकड्यांना उलटी टांगलेली मेंढरं साखळीवरून यायची, मामा सुऱ्याने खांद्याचा फरा सोडवायचा, की पुढचं धूड हजर.

त्याच्या स्वतःच्या उजव्या फऱ्यावर सुपारीएवढी गाठ झाली होती. कळ दंडातून पार अंगठ्यापर्यंत जायची. मलमं झाली, शेक झाला, बायकोने पाठ तुडवून पाहिली. शेवटी तिनेच त्याला फिजिओथेरपिस्टबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी केसासारखी सुई दाखवली. "यात औषध नाही. नुसती सुई. गाठीत नेमकी लागली की स्नायू उडेल. हलू मात्र नका."

"बाई, मी रोज रक्तात उभा असतो," मामा हसला.

सुई गेली आणि मांस फडफडलं. मान कापल्यावरही मेंढराचं मांस असंच उडताना त्याने हजारदा पाहिलं होतं. तो गुरासारखा ओरडला. बाईंनी झटक्यात सुई काढली, तोच त्याचं कोपर मागे येऊन त्यांच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला.

"चुकलो, बाई, चुकलो!" मामाने हात जोडले.

बाईंनी ओठावर कापूस दाबला. "मिनिटाला किती मेंढरं करता?"

"चार करायचो. नव्या मुकादमाने सहा केली."

"मग मी गाठ सोडवायची आणि त्याने पुन्हा बांधायची. गारठ्यात, विसाव्याशिवाय तोच तो हात चालवलात तर दुसरं काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मामाने मुकादमाला हे सांगितलं. मुकादमाने उत्तर दिलं ते साखळी सातवर नेऊन.

मामाच्या शेजारी त्याचा मेहुणा उभा असायचा. तासाभरात त्याचा सुरा घसरला. दोन बोटं फरशीवर पडली, रक्ताची चिळकांडी मामाच्या गालावर उडाली.

"साखळी थांबवा!" मामा ओरडला.

"त्याला बाजूला घ्या," मुकादम म्हणाला. "माल खोळंबतोय."

मामाचं डोकं फिरलं. सुरा तेवढा त्याने फेकून दिला, ते एक बरं केलं. मुकादमाची गचांडी धरून त्याने त्याला भिंतीवर आपटलं आणि ठोसे घातले. जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी हात थांबेना. चौघांनी ओढून काढलं तेव्हा मुकादमाचे दात मामाच्या मुठीत रुतले होते.

त्याला चौदा महिन्यांची सजा झाली. तिसऱ्या महिन्यात मेहुणा भेटायला आला, एका हाताला तीनच बोटं.

"दाजी, साखळी परत चारवर आणली त्यांनी! सगळे तुमचं नाव काढतात."

मामा जाळीला कपाळ टेकून बसला. मग हळूच म्हणाला, "मुकादमाला चावता येतं का रे आता?"

"नाही. पातळच घेतो."

"बायको भरवते?"

"हो."

मामाने मान हलवली आणि वेळ संपायच्या आतच उठून आत गेला.