कुकरच्या गोष्टीतला चौथा

लेकीला बारावीला एक युद्धविरोधी कादंबरी लागली होती. उपरोधिक. तिच्यातला सेनापती हुकूम सोडतो की उद्या उडवायच्या पुलाला आज हिरवा रंग द्या. पलटण रंग देते. रंग वाळला नाही म्हणून पूल उडवणं लांबतं, तोवर पलीकडून शत्रू चालत येतो आणि त्याच्या बुटांना रंग लागतो. कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता हे ऐकून मी खो खो हसले. लेक हसली नाही. "हसू कुठे थांबतं ते शोधायचं असतं, आई," ती इंग्रजीत म्हणाली. मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीतच येणार.

तिचं खरं होतं म्हणा. त्या पुस्तकात रंग देण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी लेखक रंग देणाऱ्यांच्या यादीतून एका शिपायाचं नाव गुपचूप गाळतो. तोफा नाहीत, रडारड नाही. नुसती यादी आखूड होत जाते.

तिच्या वहीत एक वाक्य होतं: लढाईवर विनोद करणारा माणूस एकतर खोटा असतो, नाहीतर आतून मोडलेला. वाचून मी वही पटकन मिटून ठेवली. कारण आमचे हे लढाईवर फक्त विनोदच करतात. पोरगी आता बापाला कुठल्या रांगेत बसवणार?

ह्यांची ती कुकरची गोष्ट. इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा हे बावीस वर्षांचे, इथे नवेनवे. सर्टिफिकेटं खोलीवर विसरले आणि बगलेत कुकर घेऊन निघाले! "आम्ही चौघे, एकाच खोलीतले," अशी सुरुवात. मग बस, वाळवंट, सरहद्दीपलीकडची छावणी. तिथे खिचडी लावली, शिट्टी झाली आणि बॉम्ब समजून अख्खा तंबू आडवा. "आम्ही तिघांनी मात्र निवांत खिचडी हाणली." शिट्टी हे स्वतः तोंडाने वाजवतात. पंचवीस वर्षं प्रत्येक पाहुण्यापुढे हेच. मी तर हल्ली शिट्टीच्या आधीच ताक आणायला उठते.

त्या शुक्रवारी जेवताना पुन्हा सुरू झाले. शिट्टी वाजली, मी उठले, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, निघताना चार होते. खिचडी तिघांनी खाल्ली. चौथा कुठे गेला?"

ह्यांचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत मला मेलीला कधी मोजावंसं वाटलं नाही. लाज वाटली हो मला.

"रत्नागिरीकडचा होता," हे म्हणाले. "इथेच अर्दियाला एका गोदामात कामाला. सुरमई काय तळायचा! कुकरही त्याचाच. वाटेत बस थांबली, तो पाणी बघायला उतरला. मला म्हणाला, येतो."

लेकीच्या कपाळाला आठ्या. "आय ॲम कमिंग? म्हणजे तुझ्याकडे येत होता?"

"नाही गं, जात होता."

"मग कमिंग का म्हणाला?"

"आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणायचं. मी ड्रायव्हरला तेच सांगत राहिलो, थांब बाबा, येतो म्हणालाय. तो बिचारा पुष्कळ थांबला. मग मागच्या बसवाले ओरडायला लागले."

"आणि मग?"

"मग काही कळलंच नाही. गावी गेल्यावर त्याच्या आईला भेटायला गेलो. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून शिट्टीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या गं. पदराने डोळे पुसत हसल्या. पुन्हा सांग म्हणाल्या."

लेकीने बापाच्या ताटात आमटी वाढली, न विचारता. तिने आजवर कधी कुणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं.

वहीतलं ते वाक्य तिने खोडलं. बाबांची गोष्ट निबंधात घातलीस का, विचारलं, तर म्हणाली, "ती बाबांची आहे, त्यांनीच सांगायची."

इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो; त्या रविवारी सकाळी दप्तर पाठीला लावून ती दाराशी थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, येतो."

मुलीने 'येते' म्हणायचं असतं. मी सुधारायला तोंड उघडणार, तर हे म्हणाले, "ये बाळा. लवकर ये." आणि शाळेची बस वळून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून हलले नाहीत.