दातातला नारिंगी दोरा

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती. मी बॅग उचलली, तिचं हँडल कोटाच्या खिशात अडकलं आणि खिसा टर्रकन उसवला. "काढू नकोस, वेळ नाही," म्हणत आई सुईदोरा घेऊन जिना उतरली. अंगावरचा कपडा शिवायची वेळ आलीच, तर घालणाऱ्याने दातात दोरा धरायचा आणि गाठ पडेपर्यंत बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. बाबा ओरडत होते, "अगं, विमान काय तुझ्यासाठी थांबणारे?" गाठ पडली तशी त्यांनी मला गाडीत ढकललंच. आईला 'येतो' म्हणायचं राहून गेलं. अंबरनाथ मागे पडलं तरी दोरा माझ्या दातातच होता.

त्यात तो दोरा नारिंगी! आई उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून घरी काम आणायची, तिथली उरलेली रिळं घरभर. काळ्या कोटाला नारिंगी शिवण. "खिशाकडे कोण बघतंय?" म्हणे. टोरांटोच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांनी बघितलं.

इथे उसवलेलं कुणी शिवत बसत नाही, नवीन घेतात. आईला हे सांगायची सोय नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तेच पालुपद, "फेकू नकोस, घेऊन ये." आता तिला सुईत दोरा ओवायला दिसत नाही, बाबा ओवून देतात, तरी हट्ट कायम. डोकं उठतं अगदी. कपाटात उसवलेल्या कपड्यांची पिशवी फुगत चालली आहे. घेऊन जायची तर आधी मी जायला हवं ना! दरवर्षी मी काहीतरी कारण सांगतो, आणि तीही "बरं" म्हणते. त्या "बरं"चा जास्त राग येतो.

परवा ऑफिसला निघताना तोच खिसा पुन्हा उसवला. चरफडत आरशासमोर अंगावरच शिवायला घेतला आणि सवयीने दोरा दातात धरला. तेवढ्यात आईचा कॉल. फोन आरशाला टेकवला.

"दोरा धरलायस ना? मग बोलू नकोस," ती म्हणाली. "दिवाळीला येतोस? नुसती मान हलव."

सुट्टी नाही, प्रोजेक्ट आहे, पुढच्या वर्षी नक्की, सगळं जिभेवर तयार होतं. दोरा काढायला किती वेळ लागतो? पण नाही काढला. मान हलवली.

"अहो, येतोय तो!" ती आत बघून ओरडली, आणि माझी गाठ पडायच्या आत तिने फोन ठेवला.

तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर तुमचं घर तुम्हाला ठाऊक. माझं घर म्हणजे जिथे माझी कारणं चालत नाहीत ते. तिकीट काढलंय. पिशवी भरलीये. नारिंगी तर नारिंगी.