सूचना वहीतला रिकामा चौकोन

आमच्या मुख्याध्यापकांचा आवाज मोठा होता, पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे सूचना वही. लाल कापडी पुठ्ठ्याची. ते तिच्यात सूचना लिहायचे, शिपाईमामा ती वर्गावर्गात फिरवायचे आणि प्रत्येक शिक्षक आपल्या विषयापुढच्या चौकोनात सही करायचा. सहामाहीचं वेळापत्रक, सहलीची वेळ, असल्या गोष्टींसाठी ती वही असते. आमचे सर तिच्यातून माणसांची धिंड काढायचे.

मी रोज मलकापूरहून एसटीनं कोल्हापूरला यायचे. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची आणि मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला की कायम. "तुमचा अहवाल माझ्या टेबलावर हाय," असं सर मला इतक्यांदा सांगायचे, की त्या टेबलावर दुसरं काही कामच नसावं.

तिसऱ्या वर्षी एकदा एसटी वाटेत पंक्चर झाली. मी पोचले तेव्हा प्रार्थना संपत होती. पहिल्याच तासाला वही आली, आणि तीही आधी माझ्याचकडे. 'गणिताच्या मॅडमना घड्याळ कळत नाही. त्यांनी पाचवीच्या वर्गात बसून शिकून घ्यावे.' मी मुकाट्यानं सही केली. मधल्या सुट्टीत मामा रिकाम्या हातांनी दिसले. म्हणजे वही फिरून झाली होती आणि सगळ्यांनी माझ्या अपमानाखाली सह्या ठोकल्या होत्या!

मी भडकले. महिनाभर प्रयोगशाळेत एकटीच डबा खाल्ला. चित्रकलेचे सर म्हातारे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांनी दारातून हाक मारली, "ये की पोरी, ठेचा हाय." मी बेसिनकडे तोंड करून चपाती चावत राहिले. तशी मी रुसण्यात पहिल्यापासून हुशार.

मग एक दिवस सातवीच्या तासाला वही आली. 'चित्रकला शिक्षक तासाला बसून असतात. त्यांच्या वर्गातील खुर्ची आजपासून काढून घेतली आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.'

त्याच आठवड्यात माझा अहवाल जायचा होता. "करा की सही, मॅडम. अजून चार वर्ग फिरायचं हाय," मामा म्हणाले. मी केली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? मग मनाची समजूत घालायला मी मागची पानं उलटली. चित्रकलेच्या सरांनी तरी माझ्या वेळी काय वेगळं केलं होतं, ते डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं.

माझ्या सूचनेखाली सगळे चौकोन भरलेले होते. फक्त चित्रकलेपुढचा कोरा होता.

खुर्ची का गेली, ते मला तिथंच उभ्याउभ्या कळलं. मी वह्या तपासायचा लाल पेन उचलला आणि माझी सही काट मारून खोडली.

"मॅडम, वहीत खाडाखोड चालत न्हाय!"

"चालतीय. द्या नेऊन."

मुलांना उदाहरण घातलं आणि माझी खुर्ची उचलून व्हरांड्यातून चालायला लागले. लाकडी खुर्ची भलतीच जड होती, चारदा खाली ठेवावी लागली. केबिनच्या दारात मुख्याध्यापक उभेच होते.

"कुठं निघालाय?"

"चित्रकलेच्या वर्गात."

"तुमचा अहवाल..."

"टेबलावर हाय. माहीत हाय, सर."

मी खुर्ची परत उचलली. त्यांनी अहवालात 'आज्ञाधारक नाही' असं लिहिलं. माझ्याबरोबरची मंडळी कायम झाली, पेढे वाटून मोकळी झाली. माझी ऑर्डर वर्षभर अडकली. त्या वर्षात मी घरी किती रडले, ते आईला विचारा.

पण त्या दिवशी मी खुर्ची फळ्याजवळ टेकवली तेव्हा मला दम लागला होता. चित्रकलेचे सर भिंतीला धरून उभे होते.

"तुम्ही सही केली नव्हती," मी म्हणाले. "मग महिनाभर बोलला का नाही?"

"न केलेली सही दाखवत फिरू व्हय गावभर?" ते म्हणाले. मग माझा अवतार बघून त्यांनी खुर्ची माझ्याचकडे सरकवली. "बस आधी. घामानं भिजलीयास."