बावड्याच्या देव्हाऱ्यातला रोमन राजा

नाणी जमवणाऱ्या बाईकडं लोक जरा संशयानंच बघतात. पुरुषानं जमवली तर तो छंद, बाईनं जमवली तर लग्न जमत नाही म्हणून डोक्यात शिरलेलं खूळ. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनं हे मला तोंडावर ऐकवलं होतं. मीही ऐकवलं, की साहेब, तुमच्या पानापेक्षा माझी नाणी बरी, निदान जिन्याचे कोपरे तरी रंगत नाहीत. त्यानंतर बरेच दिवस माझ्या रजेच्या अर्जावर त्यांची सही लवकर व्हायची नाही. न होईना.

शिवराया, म्हणजे शिवकाळातली तांब्याची नाणी, जमवणारे कोल्हापुरात पैशाला पासरी होते. मला वेड लागलं ते रोमच्या नाण्यांचं, आणि त्याला कारण म्युझियममधलं एक कपाट. सत्तर सालच्या आसपास मी आजऱ्याहून नोकरीसाठी इथं आले. ओळखीपाळखी नव्हत्या, रविवार खायला उठायचा. असाच एक रविवार ढकलायला म्युझियममध्ये शिरले. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर खोदकामात निघालेल्या वस्तू तिथं मांडल्या होत्या, त्यात मातीची एक चकती होती आणि तिच्यावर माणसाचा चेहरा. खाली चिठ्ठी होती, रोमन नाण्याची मातीत केलेली नक्कल. मी तिथंच खिळले. जिथं आज म्हशी धुतात त्या पंचगंगेच्या काठावर, दोन हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी परक्या मुलखातल्या राजाचं नाणं हातात घेऊन त्यावरनं मातीचं नाणं केलं होतं. कशाला? बाजारात कुणाला फसवायला, का नुसती हौस म्हणून? रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, बाई, बंद करायची वेळ झाली. पण तो 'कशाला' माझ्याबरोबर घरी आला आणि पुन्हा गेला नाही.

गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या गल्लीच्या, तोंडाशी एक चाचा बसायचे. जुनी चांदी, तांबं, मोडकं तोडकं वजनावर घ्यायचे. त्यांचे मेव्हणे तमिळ मुलखात व्यापाराला जात आणि तिकडं नदीच्या वाळूत सापडणारी बारीक तांब्याची नाणी पिशवीतनं आणत. बहुतेक इतकी गुळगुळीत, की हातात धरून काही कळायचं नाही. पण एखाद्यावर नाक दिसायचं, एखाद्यावर कान, आणि मग मी दुकानासमोर उन्हात तासभर उभी. चाचा वैतागायचे. म्हणायचे, पोरी, चेहरा काय बघतीस, वजन बघ. तरी माझ्यासाठी ते ती पिशवी मागं ठेवायचे, वितळवायला द्यायचे नाहीत.

ठसा घ्यायची माझी पद्धत अगदी गावठी होती. सिगारेटच्या पाकिटात चांदीसारखा कागद येतो. तो नाण्यावर पसरायचा आणि कापसाच्या बोळ्यानं दाबत जायचं. नाण्यावर डोळ्याला न दिसणारं अक्षरसुद्धा त्या कागदावर उठतं. त्यासाठी मी ऑफिसातली रिकामी पाकिटं गोळा करायचे. त्यावरूनही चर्चा झालीच. आजऱ्याहून आईचं, आमच्या अव्वाचं, पत्र आलं, तू विड्या ओढतेस असं कानावर आलंय.

राहायला मी कसबा बावड्यात होते. घरमालकीणबाईंना मावशी म्हणायचे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की त्यांच्या घरात मळीचा वास भरायचा, आणि मावशी कारखान्याला शिव्या घालत शिलाईमशीन चालवायच्या. त्यांचं सासर मुरगूडचं. नवरा ऐन उमेदीत तापानं गेला, मूलबाळ नाही. धाकट्या दिरानं घर, रान, बैल, सगळं आपल्याकडं ठेवलं. मावशींनी त्यातलं काही मागितलं नाही, मागितला फक्त देव. त्यांच्यात देव थोरल्याच्या घरी राहतात. मावशी थोरल्याची बायको, म्हणजे देव त्यांचा. दिरानं पुष्कळ दिवस घोळ घातला आणि शेवटी जोतिबाचा टाक त्यांच्या हातावर ठेवला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली कुळदेवाची लहानशी मूर्ती. नव्या सुनेला तो कुणी नीट दाखवलेलाही नव्हता. देव्हाऱ्याजवळ सासूच असायची. तो घेऊन त्या बावड्याला माहेरी आल्या, शिवण शिकल्या, स्वतःचं घर केलं. "रान गेलं, घर गेलं, पण देव माझ्याकडं हाय," हे मी त्यांच्या तोंडून उठताबसता ऐकायचे. भाड्यावरनं आमचं वाजलं की तर हमखास.

मी लिंगायतांची. आमचा देव आमच्या गळ्यात असतो, त्यामुळं दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात डोकवायची मला सवय नव्हती. एका थंडीत मावशींना सडकून ताप भरला. उठवत नव्हतं, आणि देव पारोसा राहतोय म्हणून जीव खालीवर. मला म्हणाल्या, आंघोळ झालीया न्हवं तुझी, मग आज तूच देवाला पाणी घाल.

टाक उचलून ताम्हनात ठेवायला गेले आणि हाताला कळलं, हा पत्रा नाही. जड आहे. आकारानं पावलीएवढा. वर जोतिबासारखा घोडेस्वार, पण गंध लावून आणि पुसून घोड्याचे पाय पार गेलेले. मी तो उलटा केला आणि माझ्या हातातला तांब्याच निसटला. मागं एक चेहरा होता. ताठ मान, लांब नाक, डोक्याला पानांची माळ आणि कडेनं अक्षरं. लायब्ररीतल्या पुस्तकात मी हा चेहरा इतक्यांदा बघितला होता, की रस्त्यात भेटला असता तर नमस्कार केला असता. रोमच्या पहिल्या बादशहाचं चांदीचं नाणं. नाव घेत नाही, माझं चुकत असेल तर जाणकार मला सोडायचे नाहीत. घोडेस्वार वर ठेवून पूजा व्हायची म्हणून घोडा झिजला होता, आणि बादशहा खाली ताटलीवर तोंड करून बसला म्हणून तसाच्या तसा राहिला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गुजरीत तांब्याचे खडे चाळत बसले होते, आणि माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडं, हळदीकुंकवात, हा बसलेला.

काय पडलं म्हणून आतून मावशींनी विचारलं. तांब्या, म्हणाले, आणि आवाज जमेल तेवढा साधा ठेवून विचारलं, की टाकाच्या मागं कोण आहे हो?

"त्यो व्हय? त्यो आमचा मूळपुरुष," मावशी म्हणाल्या. "नाक बघ की. ह्यांचं नाक अगदी तसंच हुतं."

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते विरलं. एरवी माझं उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या दिवशी आधी मनात हिशेब मांडला. हे रोमन नाणं असेल तर ते ह्या घरात देव म्हणून आलं कसं? दिरानं खरा टाक मुरगुडातच ठेवला असणार आणि हिच्या हातावर सापडलेलं काहीतरी टेकवलं असणार. जिनं रान सोडलं, घर सोडलं आणि एका देवाच्या जोरावर अख्खा जन्म ताठ काढला, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, तोसुद्धा तुला मिळाला नाही? मी टाक पुसला, गंध लावलं, फूल वाहिलं. मावशी झोपल्यावर मात्र गुपचूप दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. तेवढा मोह मला आवरला नाही.

सांगायचं नाही असं ठरवून मी गप्पच बसले असते. पण बऱ्या झाल्यावर मावशींनीच विषय काढला. टाक फार झिजलाय, झिजलेला देव पुजू नये. चैत्रात जोतिबाच्या यात्रेआधी सोनाराकडनं नवा घडवायचा आणि हा पंचगंगेत सोडायचा, अशी रीत आहे म्हणे. कुठल्या कुठल्या समुद्रावरनं आलेलं, माती आणि माणसं ह्यांच्यातनं तगलेलं नाणं आता नदीच्या गाळात जाणार होतं, तेही फूल वाहून. सांगावं तर मावशी मोडणार, न सांगावं तर नाणं जाणार.

एकच वाट दिसत होती. दीर जर म्हणाला, की हा टाक आमच्या पणज्यापासून देव्हाऱ्यातच होता, तर मग कुणी कुणाला फसवलंच नाही. मग मला मोकळेपणानं सांगता आलं असतं, की मावशी, तुमचा देव तुम्हाला वाटतो त्याच्याहून कितीतरी जुना आहे, त्याला पाण्यात सोडू नका. आणि खोटं कशाला बोलू, हा घोडेस्वार मुरगुडात पोचला कसा हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. जित्याची खोड. मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं आणि एस.टी.त बसले.

दीर कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. केस पिकलेले, अंगात बंडी. कुठलं पावणं, म्हणून विचारलं. बावड्याला तुमच्या वहिनींच्या घरात भाड्यानं राहते म्हणाले, तसा त्यांचा हात थांबला. मी चांदीचा कागद पुढं केला आणि विचारलं, की हा टाक तुमच्या घरात कधीपासनं होता? त्यांनी कागद उजेडाकडं धरला. बराच वेळ बघितला. मग इतकंच विचारलं, अजून पुजती व्हय ती हे?

रोज, मी म्हणाले.

ते उठून आत गेले. मला चहा आला. चहा पिताना आतल्या खोलीतला देव्हारा दिसत होता आणि त्यात टाक होता. पातळ पत्र्याचा, हातात तलवार घेतलेला घोड्यावरचा जोतिबा, जसा असायला पाहिजे तसा. मला काय ते कळलं. तरी मी निर्लज्जासारखं विचारलं, की मग ते नाणं कुठं सापडलं? त्यांनी माझी रिकामी कपबशी उचलून आत नेली. परतीच्या वाटेवर मी स्वतःलाच शिव्या दिल्या. कुणी सांगितली होती ही नसती उठाठेव!

चैत्र लागायच्या आत एका दुपारी ते बावड्याला आले. मी रविवारची घरी होते. मावशींनी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मशीन थांबवलं, पाणी दिलं आणि बसा म्हणाल्या. त्यांनी खिशातला रुमाल काढून जमिनीवर सोडला. त्यात मी मुरगुडात बघितलेला तो पत्र्याचा टाक होता. खाली मान घालूनच बोलले, की वैनी, हा खरा देव, तुमास्नी दिला त्यो देव न्हवता. पोरंबाळं न्हाईत, तुमच्यामागं देव कुणाकडं जाणार, म्हणून तवा मन झालं न्हाई. आता निजल्यावर डोळा लागत न्हाई.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मग त्यांनी दिराला विचारलं, की तर मग ते होतं काय?

"नदीकाठच्या मळीच्या रानात विहीर काढत हुतो," ते म्हणाले. "दादा आत उतरलेला. चिखलात त्याच्या हाताला गावलं. मला म्हणाला, वैनीला दावू नको, सोनाराकडनं कडी लावून गळ्यात घालाय देतो तिला. तंबाखूच्या चंचीत ठिवलं. आन् पंधरवड्यात त्यो गेला. कापडं आवरताना मला चंचीत मिळालं. तुमी देव मागत हुता, मी ते दिलं."

मला राहवेना, मीच बोलायला लागले. ते नाणं कुठलं, राजा कुठला, किती जुना, समुद्रावरनं कसं आलं असेल. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं भसाभसा बाहेर आलं. मावशींनी ऐकून घेतलं. असंल राजा, म्हणाल्या. नाक तर ह्यांचंच हाय.

मग त्यांनी रुमालाची चारी टोकं जुळवली, गाठ मारली आणि दिरापुढं सरकवली.

"भावजी, तुमचा देव तुमच्या घरी न्या," त्या म्हणाल्या. "तवा मी देव मागितला, कारण माणूस मागून मिळणार नव्हता. तुम्ही मला माणूसच दिला की."

दीर रडले. मावशी रडल्या नाहीत. त्यांना जेवायला वाढलं आणि एस.टी.ला पोचवायला मला बरोबर धाडलं. मी परत आले तर देव्हारा रिकामा होता आणि नाणं मावशींच्या मुठीत. मला म्हणाल्या, तुझ्या ओळखीचा सोनार हाय न्हवं गुजरीत, कडी लावून देईल का?

नाण्याला कडी लावली की जमवणाऱ्याच्या लेखी ते कामातनं जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, गुजरीत गेले आणि शेजारी उभी राहून ती लावून आणली.