टिचकी मारणारं घर

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, आपलं पनवेलच होतं. तिथल्या बाजारपेठेत जुन्या चांदीचे नि भांड्यांचे एक व्यापारी राहत होते. ते माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. त्यांना एक बायको, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा माझ्या वाट्याला आला. मुलीचं, म्हणजे आमच्या वत्सलावन्संचं, लग्न काही जमेना. रूप होतं, हाताला चव होती. नडत होती ती टिचकी!

या घरात भांडं दिसलं की त्याला नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांदी खरी असली तर नाद लांबत जातो, भेसळ असली तर मध्येच तुटतो. बापाची ही खोड लेकीने जशीच्या तशी उचललेली. अशा घरात किस्से मोडीच्या भांड्यांसारखे साठतात. एक ओढायला जावं, तर चार अंगावर येतात.

पहिला माझाच. देश नुकता स्वतंत्र झाला होता. नवी नवरी म्हणून मी उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडलं. ते ठणठणत आत गेलं. बायका नाव घ्यायला सांगतायत, मी लाजतेय, आणि आतून मामंजींचा आवाज आला, "हे आपलं माप नव्हे. आपल्या मापाला चीर आहे."

बघितलं तर खरंच! गडबडीत शेजारच्या काकूंचं माप आलं होतं. मग आपलं शोधलं, तांदूळ भरले, आणि मला परत बाहेर काढून उंबऱ्याशी उभं केलं. मी या घरात दोनदा आलेय. म्हणून पुढे कधी भांडण झालं तरी मला जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुकान पुढे, घर मागे. मधल्या दाराशी निवडण घेऊन बसलं की सगळं ऐकू यायचं. एकदा करंजाड्याची एक म्हातारी पितळी अडकित्ता मोडीत द्यायला आली. घोड्याच्या आकाराचा, मानेला घुंगरू. मामंजींनी त्याला टिचकी मारली, उलटा-पालटा केला आणि तिला बजावलं, की बाई, हा वजनावर देऊ नकोस, अशी घडण आता होत नाही, मुंबईचे शौकीन लोक हे शोधत फिरतात. तसला एक शौकीन नेमका समोरच बसला होता. म्हातारी सांगेल त्या भावाला घ्यायला तो तयार झाला.

म्हातारीने अडकित्ता उचलला नि कमरेला खोचला. "येवरा मोलाचा हाय तं मंग इकू कशाला? मी तं मोडका समजून आनलेला."

मामंजींचा धंदा हा असा!

मोहल्ल्यातल्या एक खाला दर ईदेच्या आधी चांदीची गुलाबदाणी घेऊन यायच्या. एका वर्षी मामंजी तापाने अंथरुणावर, म्हणून दुकानात आमचे हे. ह्यांनी गुलाबदाणी काट्यावर टाकली आणि वजनाचा भाव सांगून मोकळे झाले. खालांनी ती ओढणीत गुंडाळली.

"बेटा, विकायला कोण आलंय? तुझे अब्बा हिची तारीफ करतात, ती ऐकायला येते मी."

मग त्यांना आत अंथरुणापाशी नेलं. मामंजींनी पडल्या पडल्या टिचकी मारली, डोळे मिटून नाद संपेपर्यंत ऐकला, आणि जाळीकामाचं पोटभर कौतुक केलं. सासूबाई सांगायच्या, ताप तेव्हाच उतरला.

पण वन्संचं काय? पहिलं स्थळ चांगलं बडं होतं. मुलाची आई ओटी भरायला चांदीचा नारळ घेऊन आली! वन्संनी तो पदरात घेतला आणि सवयीने बोट उडालं. आवाज आला थप्प. वन्सं बिचाऱ्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बाहेरच्या ओटीवर मुलाच्या वडिलांशी भाताच्या पिकाचं बोलत बसलेले मामंजी मात्र तिथूनच म्हणाले, "आत चांदी नाही, लाख भरलीय."

मंडळी पोहे टाकून उठली.

दुसऱ्या स्थळी वन्संनी हात आवरले, तर मामंजींनी मुलाच्या आजोबांच्या काठीची मूठ वाजवली. काठी आजोबांच्या हातात असताना!

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला दोन मुलं झाली तरी वन्सं माहेरीच. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "वहिनी, बोटं बांधून ठेवू का गं माझी?" हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

तिसरं स्थळ अलिबागचं. मुलगा सुधाकर, घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. सासूबाईंनी मामंजींना देवाची शपथ घातली. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. वन्संच्या हातांत पोह्यांचा जड ट्रे दिला, म्हणजे बोट मोकळं राहायला नको. आमच्याकडे चांगलं ते विकलं जायचं, घरात धड काही उरत नसे. त्यातल्या त्यात एक चांदीचं फुलपात्र होतं. त्यातून मुलाला पाणी दिलं.

मुलगा पाणी प्यायला. रिकामं फुलपात्र बोटांत फिरवलं, टिचकी मारली आणि थेट कानाला लावलं.

त्याच्या आईने कपाळाला हात लावला. "अरे सुधाकर, इथंसुद्धा?"

तो ओशाळला, पण राहवलं नाही. हळूच म्हणाला, "बुडाला कथलाने सांधलंय."

वन्संची मान खाली, ट्रे तसाच हातात. "काठालासुद्धा."

त्याने काठाला टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली. मग फुलपात्र खाली ठेवून पहिल्यांदाच वन्संकडे नीट बघितलं.

"हो की."

सासूबाई उठल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. मामंजींनी मांडीखालचे हात बाहेर काढले, आणि डब्यालाच एक टिचकी मारली.