वा, काय गाजर आहे

पोपट आमच्याकडे सोफ्याबरोबर आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मुसफ्फातल्या, म्हणजे अबुधाबीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या, आमच्या ऑफिसमधला एक सहकारी व्हिसा कॅन्सल करून कायमचा गावी निघाला होता. अशा वेळी इथे सगळे करतात तेच त्यानेही केलं. फ्रिज एकाला, टीव्ही दुसऱ्याला, सोफा मला. सोफा उचलायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "पिंजरा पण घेऊन जा यार, दोघांना एकमेकांची सवय आहे." मला वाटलं, गंमत करतोय.

करडा रंग, लाल शेपूट आणि चेहऱ्यावर रिटायर्ड हेडमास्तरांचा भाव. इथे या जातीला कास्को म्हणतात, आणि ही जात बोलण्यात पटाईत. आमचा खाण्यात जास्त पटाईत होता. म्हणजे सूर्यफुलाच्या बिया आणि बटाट्याचे चिप्स. आधीचा मालक एकटा राहायचा, तो जे खाई तेच पोपट खाई. भाजी समोर ठेवली की पोपट ती चोचीत धरून लांब फेकायचा. माझ्या ऑफिसच्या एका शर्टावर बिटाचा डाग शेवटपर्यंत राहिला.

"अहो, घरात एक भाजी न खाणारा होता तो पुरे नव्हता का?" बायको म्हणाली.

तिचा रोख माझ्याकडे होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी पुलावातली फरसबी वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावतो. दुधीबद्दल तर मी बोलतच नाही.

पोपट फुगत चालला, धापा टाकायला लागला, तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर इजिप्तचे. त्यांनी पोपटाचं पोट चाचपलं आणि म्हणाले, "हबीबी, टू मच फॅट. लिव्हर नॉट गुड." मी नकळत माझं पोट आत घेतलं. बिया हळूहळू बंद आणि भाज्या सुरू, नाहीतर हा पक्षी फार दिवस काढणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. पण हा खाणार कसा? तर पोपटाला एकट्याने नवीन काही खाण्याची भीती वाटते, म्हणे. कुणीतरी समोर बसून खाल्लं तर तो खातो. "यू ईट, ही सी, ही ईट." आमची नऊ वर्षांची मुलगी गाडीत बसेपर्यंत रडू आवरून होती, गाडीत बसल्यावर रडली.

जूनच्या अखेरीला शाळा बंद झाल्या आणि मायलेकी नेहमीप्रमाणे दोन महिन्यांसाठी इंडियाला निघाल्या. निघताना मुलीने पिंजऱ्यासमोर उभं करून माझ्याकडून वचन घेतलं. "बाबा, यू हॅव टु ईट इट फर्स्ट. प्रॉमिस?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"नो इन्शाल्ला. प्रॉमिस."

उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगची लिफ्ट माझ्यासारख्या सुट्या नवऱ्यांनी भरलेली असायची, प्रत्येकाच्या हातात पार्सलची पिशवी. माझ्या पिशवीत मटण बिर्याणी असायची आणि शिवाय, वचनाला जागून, गाजरं, ढोबळी मिरची आणि फरसबी. संध्याकाळी मी पिंजऱ्याचं दार उघडायचो. पोपट येऊन सोफ्याच्या पाठीवर बसायचा. त्याची वाटी त्याच्यासमोर, माझी वाटी माझ्यासमोर.

पहिल्या दिवशी मी गाजराचा तुकडा खरोखर तोंडापर्यंत नेला. तिथे तो थांबला. उकडलेल्या गाजराला जो एक गोडसर वास येतो, तो मला लहानपणापासून सोसत नाही. मग मला वाटलं, पोपटाला काय कळतंय? मी नुसते जबडे हलवले, डोळे मिटले, "वा, काय गाजर आहे," म्हणालो आणि तुकडा हळूच मांडीवरच्या टिश्यूत सोडला. पोपट मान वाकडी करून हे सगळं बघत होता. मग मी किचनचं दार लावून बिर्याणी खाल्ली.

असं रोज चाललं. मी अभिनयात सुधारत गेलो. फरसबीला तर मी बोटंसुद्धा चाटायचो. आणि एके दिवशी किचनमधून हात धुऊन येतो तर पोपटाची वाटी रिकामी. मी इतका खूश झालो की बक्षीस म्हणून त्याला मूठभर बिया दिल्या. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा रिकामी, पुन्हा बक्षीस.

शुक्रवारी फोनचा दर कमी असायचा. मी रिसीव्हर पिंजऱ्याशी धरला. पोपट स्वच्छ मराठीत म्हणाला, "वा, काय गाजर आहे." पलीकडे मुलगी आनंदाने किंचाळली. मग बायकोने फोन घेतला.

"हा अगदी तुमच्या आवाजात बोलतोय."

"मग? मीच शिकवलंय ना."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

ऑगस्ट संपता संपता दोघी परत आल्या. बॅगा तशाच ठेवून मुलीने गाजर उकडलं आणि वाटी सोफ्यापाशी ठेवली. मी बाजूला हाताची घडी घालून उभा, कौतुकाची वाट बघत. पोपटाने तुकडा पायात धरला, चोचीपर्यंत नेला, चोच चारदा हलवली, डोळे मिटले, "वा, काय गाजर आहे," म्हणाला आणि तुकडा सोफ्याच्या मागे अलगद सोडला. मग बक्षिसासाठी माझ्याकडे बघितलं.

बायकोने सोफा पुढे ओढला. एसीच्या हवेत सुकून काडीसारखी झालेली दोन महिन्यांची भाजी तिथे व्यवस्थित पडलेली होती.

"आता तुमच्या वाटीतली भाजी कुठे गेली ते पण सांगा," बायको म्हणाली.

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती पोपटाचं पोट चाचपत होती, डॉक्टरांसारखं. ते आधीपेक्षा मोठं होतं. माझ्या बियांनी. "ही इज गोइंग टु डाय, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली.

त्या संध्याकाळी मी स्वतःच दोन वाट्या घेऊन बसलो. टिश्यू नव्हता. समोर मुलगी आणि सोफ्याच्या पाठीवर पोपट. मी गाजराचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. डोळ्यांत पाणी आलं. पोपट माझ्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघत होता. दुसरा तुकडा. तिसरा. बक्षीस नव्हतं म्हणून तो दोनदा चिडून ओरडला. त्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मात्र दोन्ही दिवस खाल्लं, शिवाय ढोबळी मिरची.

पुढे एका संध्याकाळी मी फरसबी चघळत असताना पोपट खांद्यावर येऊन बसला आणि त्याने ती माझ्या ओठांतून ओढून घेतली. पायात धरली, सोलली, आतला दाणा फोडला. मी आणि मुलगी "वा"ची वाट बघत राहिलो. तो काही बोलला नाही. त्याचं तोंड भरलेलं होतं.

मुलीने त्याची वाटी बघितली, माझी वाटी बघितली. मग जमिनीवर झोपून तिने सोफ्याखाली टॉर्च मारला.